दारूचा पैसा गावात परत येतो का? ग्रामसभेआधी जरा डोकं लावा

बांधावरचा_मास्तर | रविवार, रात्री 9:12

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठाला. रंकाळ्यावरनं गाडी काढली की अर्ध्या तासात वेशीत. देशीचं सरकारमान्य दुकान मी शाळेत होतो तेव्हापासून आहे. आता फाट्यावर बिअर शॉपी काढायला एकानं ग्रामपंचायतीकडं ना हरकत दाखला मागितलाय. पुढच्या रविवारी ग्रामसभा.

'नको' आणि 'होऊ दे की' हे दोन तट तर आलेच. पण अर्जदार हुशार. तालमीच्या पोरांना मॅट देतो म्हणून सांगितलंय, स्मशानशेडचे पत्रे बदलून देतो म्हणून सरपंचांच्या कानावर घातलंय. त्यामुळं तिसरा तट उभा राहिलाय: 'पिणारे पिणारच, निदान गावाला काहीतरी मिळू दे.'

त्यातच पुतण्यानं मिनेसोटातनं फोटो पाठवला. पोरांच्या खेळायच्या बागेचा. म्हणतो, 'काका, इथं दारूचं दुकान नगरपालिकाच चालवते, त्या नफ्यातनं ही बाग झाली.' मला आधी चेष्टाच वाटली.

माझा प्रश्न साधा आहे. आमच्या गावातला माणूस रोज शे-दीडशे रुपये त्या खिडकीतनं आत सरकवतो. त्यातलं सरकारकडं जातं ते गावाकडं परत येतं का, येत असेल तर कुठल्या वाटेनं? येत नसेल तर मागता येतं का? आणि मागावं का?

तांबडा_पांढरा | 9:15

येतो की मास्तर. रात्री अकराला, डुलत डुलत, एक चप्पल हातात.

कळंब्याचा_पैलवान | 9:21

तालमीला मॅट बिअरवाला देणार? मग उद्या थंडाईत पण तोच बर्फ घालणार म्हणा की.

कोषागारातला_जुना | 9:58

प्रश्न चेष्टेवारी जाऊ नये म्हणून लिहितो. तीस वर्षं चलनं बघण्यात गेलीत माझी.

दारूवरचं उत्पादन शुल्क हा राज्याचा हक्क, घटनेच्या राज्य सूचीतली 51 वी नोंद. पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे, म्हणून विक्रीवरचा व्हॅटही राज्याचाच. आता नीट ऐका: शुल्क तुमच्या गावच्या खिडकीवर गोळा होतच नाही. माल कारखान्याच्या फाटकाबाहेर पडतानाच ते भरलेलं असतं. गावात क्वार्टर फुटते तोवर सरकारचा मोठा वाटा मुंबईला पोचलेला असतो.

पुढं तो राज्याच्या एकत्रित निधीत पडतो. तिथं दारूचा रुपया, मुद्रांकाचा रुपया, गाड्यांच्या कराचा रुपया, सगळे एकाच रांजणात. त्याच रांजणातनं पगार, पेन्शन, कर्जावरचं व्याज, लाडकी बहीण, रस्ते. आपल्या तांब्यात कुठल्या विहिरीचं पाणी आलं हे कोण सांगणार?

रांजण किती मोठा, त्याचा अंदाज यावा म्हणून: जून 2025 मध्ये मंत्रिमंडळानं विदेशी दारूवरचं शुल्क उत्पादन किमतीच्या 3 पटींवरनं 4.5 पटींवर नेलं. (लिटरला 260 रुपयांपर्यंत किंमत जाहीर केलेल्या मालासाठी.) देशीवरचं शुल्क प्रूफ लिटरला (म्हणजे दारूच्या कडकपणावर मोजलेल्या लिटरला) 180 चं 205 झालं. धान्यापासनं केलेली 'महाराष्ट्र मेड' नावाची नवी जातही तेव्हाच काढली. एवढ्या फेरबदलातनं वर्षाला 14,000 कोटी जादा येतील असा सरकारचा अंदाज होता. एकूण नव्हे, नुसते जादा.

ग्रामपंचायतीला यातलं थेट काही नाही. दुकानाच्या इमारतीचा घरफाळा आणि पाणीपट्टी, संपलं. वित्त आयोगाचा निधी येतो तो लोकसंख्या वगैरे बघून, गावानं किती ढोसली ते बघून नव्हे.

तांबडा_पांढरा | 10:02

म्हणजे आमच्या गल्लीची कामगिरी कुणी मोजतच नाही. अन्याय आहे हा.

बर्फातला_कोल्हापुरी | 10:40 (माझ्याकडं सकाळ आहे)

मास्तर, पुतण्या खरं बोलतोय. मी मिनेसोटात अकरा वर्षं आहे, मूळचा शाहूपुरी.

1933 साली अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हा विक्री कशी करायची हे ज्या त्या राज्यावर सोडलं. मिनेसोटात बऱ्याच लहान गावांनी ठरवलं, बाहेरचा कुणी दुकान काढण्यापेक्षा आपणच काढू. आजही दीडशेच्या वर गावं स्वतःचं दुकान चालवतात. आमच्या शेजारी इडायना म्हणून चांगलं सधन उपनगर आहे, तिथं पालिकेच्या दुकानांचा नफा बागा आणि खेळाच्या सोयींना जातो. गल्ल्यावर बसलेली बाई पालिकेची नोकर. माझे केस पांढरे झाले तरी ओळखपत्र बघितल्याशिवाय बाटलीला हात लावू देत नाही. 2017 पर्यंत तर इथं राज्यभर रविवारी दारूची दुकानंच बंद असायची. मी आलो तेव्हा शनिवारी संध्याकाळी आपल्याकडं अमावास्येआधी नारळाला असते तशी गर्दी बघितलीय.

पण एक गोष्ट फोटोत दिसत नाही. गावाला मिळतो तो कर नव्हे. कर इथंही राज्य आणि केंद्र घेऊन जातं. गावाला मिळतो दुकानदाराचा नफा, कारण दुकानदार गावच आहे. आणि दुकानदार म्हटलं की तोटाही आला. इथला कायदा असा की तीन वर्षांत दोन वर्षं दुकान तोट्यात गेलं, तर गावानं जाहीर सुनावणी घेऊन ते चालवायचं की बंद करायचं हे ठरवायचं. काही गावांनी कुलूप लावलंय.

याआधी मी नॉर्थ कॅरोलायनात होतो. तिथं कडक दारू फक्त काउंटीच्या नाहीतर गावाच्या मंडळाच्या दुकानात मिळते. वाटणी कायद्यातच लिहिलीय: नफ्यातले किमान 7 टक्के व्यसनमुक्तीच्या उपचाराला नाहीतर प्रबोधनाला, किमान 5 टक्के पोलिसी बंदोबस्ताला, मग उरलेलं काउंटीला आणि गावाला. 7 टक्के म्हणजे फार नाही. पण कागदावर आकडा आहे, त्यामुळं विचारता येतं.

उभी_आडवी | 11:25

बाग छानच आहे हो. फक्त ती कुणाच्या डब्यातनं काढलेल्या पैशाची, तेवढं सांगा.

मी शिरोळ तालुक्यातली. आमच्या गावात आम्ही बायकांनी आडवी बाटली केली होती. म्हणजे करायला गेलो होतो. नियम 2008 चा. आधी गावातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज. तो घेऊन मी आणि माझी जाऊ दीड महिना दारोदार फिरलो. मग त्या सह्या खऱ्या का खोट्या ते तपासायला साहेब आले. रानात भांगलणीला गेलेल्या बायकांना बोलावून आणून 'ही सही तुमचीच का' विचारायचे, शेजारी दुकानदाराचा माणूस उभा. चौघीजणी 'न्हाई बाई आमची' म्हणून मागं सरल्या. त्यांना तरी काय म्हणायचं, नवरे दुकानात उधारीवर.

मतदान गुप्त होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली नि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. मतं पडली त्यात आडवी कितीतरी पुढं होती. पण पडलेल्या मतांत नव्हे, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याच्या वर आडवी लागते. यादीत नाव असलेली पण पुण्याला नांदणारी, उसाच्या टोळीबरोबर गेलेली, आणि दोन वर्षांपूर्वी वारलेली, ह्या सगळ्याजणी त्या हिशेबात उभ्या बाटलीच्या बाजूनं. मेलेल्या बायकासुद्धा दुकान चालू राहू दे म्हणतात, असं ते गणित.

अकरा मतांनी गेलं.

आमच्या गल्लीत चार विधवा आहेत, त्यातल्या तिघींचे नवरे दारूनं गेले. आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडनं 2022 ला विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, सगळ्या महाराष्ट्रात नाव झालं, सरकारनं त्यावर परिपत्रक काढलं. चांगलंच झालं. पण कुंकू पुसू नका म्हणायचं, आणि कुंकू पुसायची पाळी आणणारी खिडकी मात्र सकाळी उघडी.

आता तुम्ही म्हणता गावाला वाटा मिळू दे. एकदा का त्या पैशानं शाळेचं छप्पर झालं ना मास्तर, की दुकान बंद करा म्हणायला तोंड राहणार नाही कुणाला. मलाच म्हणतील, बाई, छप्पर काढून देताय का?

बांधावरचा_मास्तर | 11:41

ताई, वाचलं. दोनदा वाचलं. उद्या लिहितो.

जुनी_वही | सोमवार, सकाळी 7:05

उभी_आडवी ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला दाखला आहे, तोही दीडशे वर्षांपूर्वीचा.

स्वीडनच्या गोटेनबर्ग शहरात 1865 ला एक पद्धत सुरू झाली. दारूचे परवाने खाजगी गुत्तेवाल्यांकडनं काढून गावातल्या प्रतिष्ठितांच्या एका कंपनीला दिले. भागधारकांना ठरावीक व्याजापुरताच नफा, वरचं सगळं शहराच्या तिजोरीत. हेतू असा की पाजण्यात कुणाचा स्वार्थच राहू नये. नॉर्वेनंही ती उचलली, तिथं नफा गावातल्या लोकोपयोगी कामांना जायचा.

मग टीका काय झाली? हीच. नगरपालिकांना त्या पैशाची चटक लागली. माणसाला दारूची लागते तशी. पुढं तो नफा गावाच्या हातात ठेवायचाच नाही असं स्वीडननं ठरवलं. आज तिथं 1955 पासूनची एकच सरकारी कंपनी आहे, सिस्टेमबोलागेट. नफा देशाच्या खजिन्यात. रविवारी बंद, आणि 'दोनवर एक फुकट' असला प्रकार नाही.

दूध_फरक | 8:30

सगळे परदेशात कशाला जाताय? आपल्याकडं सहकार असताना?

माझा प्रस्ताव: कोल्हापूर जिल्हा मद्य ग्राहक सहकारी संघ. गावोगावी संस्था. सकाळ-संध्याकाळ वाटप. फॅट-एसएनएफच्या जागी प्रूफ बघायचं. दर दहा दिवसाला बिल, आणि दिवाळीला दूध संघ देतो तसा लिटरमागं जादा पैशाचा फरक! जो जास्त पिईल त्याला जास्त फरक. पोरांचे कपडे, बायकोची साडी सगळं फरकातनं.

तांबडा_पांढरा | 8:34

संचालकाची निवडणूक म्हणजे मतदार सहलीवर गेलेले. पण इथं सहलीची गरजच नाही, सगळे आधीच विमानात.

कळंब्याचा_पैलवान | 8:37

वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' ओरडायला माणसं तयारच असतील. विषय वाचायच्या आधी.

चंदगडी_काजू | 9:10

दूध आणि दारू म्हणताय तर खरी गोष्ट सांगतो. हिमाचल प्रदेशानं 2023 ला दारूच्या बाटलीमागं 10 रुपये दूध उपकर लावला. दूध उत्पादकांसाठी. म्हणजे तिथं पिणारा माणूस छाती ठोकून सांगू शकतो, मी शेतकऱ्याच्या म्हशीसाठी पितोय.

बाकी आमच्या चंदगडात दारूचं अर्थशास्त्र वेगळं आहे. इथनं गोवा किती लांब? शुल्क वाढलं की तिकडची बाटली अजून स्वस्त वाटायला लागते, आणि आंबोली-तिलारीच्या घाटातनं गाड्या यायला लागतात. कधी भाजीखाली, कधी फरशीखाली. महाराष्ट्राच्या तिजोरीत त्यातलं काहीच नाही. गावाला वाटा देणार असाल तर आमच्या गावाला गोवा सरकारकडनं मागावा लागेल.

मळीचा_हिशेब | 9:42

सगळे विकणाऱ्या टोकाला उभे आहात. पिकवणाऱ्या टोकाला कोण आहे? आपणच. देशी दारू ज्या स्पिरिटची होते ते मळीचं, मळी साखर कारखान्याची, आणि ऊस आपल्या रानातला. उसाच्या दराचं जे 70:30 चं सूत्र आहे (70 टक्के शेतकऱ्याला, 30 कारखान्याला) त्यात मळीसारख्या उपपदार्थांचं उत्पन्नही धरतात. म्हणजे दारूचा पैसा थोडा का होईना आधीच सभासदाच्या खात्यात येतो. बिलावर 'दारू' असं लिहीत नाहीत एवढंच.

उभी_आडवी | 10:15

म्हणजे उसाचं बिल आलं की त्यातनं पिऊन पुन्हा तिकडंच. चक्र पुरं झालं. हिशेबात आमचं नाव कुठंय?

मळीचा_हिशेब | 10:31

ताई, तुमच्या बाजूनंच बोलतोय मी. आता मळीतनं पेट्रोलमध्ये घालायचं इथेनॉलही होतं. गाडी पिऊ दे की.

काउंटरवरचा | दुपारी 2:20

आता मी बोलू का? मी शहरात एका वाइन शॉपच्या काउंटरवर चौदा वर्षं आहे. नाव-गाव विचारू नका.

सगळे आम्हाला शिव्या घालतात, हरकत नाही. पण कायदा काय म्हणतो तेवढं ऐका. आपल्याकडचा कायदा 1949 चा, नाव 'दारूबंदी अधिनियम'. म्हणजे दारू मुळात बंदच आहे, परवाना असलेल्याला तेवढी सूट. प्यायलासुद्धा परवाना लागतो. विदेशीला एका दिवसाचे 5 रुपये, देशीला 2 रुपये, जन्मभराचा 1,000 रुपये. चौदा वर्षांत माझ्याकडं स्वतःहून परवाना मागणारा एकच माणूस आला. मला वाटलं खात्यातला आहे. निघाला कीर्तनकार, पाहुण्यासाठी घ्यायला आलेला, म्हणाला पावती असू दे. (पाहुणा खरा का खोटा, मी विचारलं नाही.)

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं 1 एप्रिल 2017 ला महामार्गापासनं 500 मीटरच्या आतली दुकानं बंद झाली, तेव्हा आम्हीही त्यात होतो. शटर बंद, मालक म्हणाला बघू. पाच महिने मी शिरोलीत एका कारखान्यात हेल्परचं काम केलं. त्या पाच महिन्यांत लोक प्यायचे थांबले म्हणता? आमची गिऱ्हाईकं मला रस्त्यात भेटून सांगायची, कुठं मिळते. दर दीडपट.

गावाला वाटा मिळावा का, मला कळत नाही. पण दुकानाच्या दारात नळाला पाणी नाही, संडास नाही, दिवा नाही. एवढं शुल्क घेणाऱ्या सरकारनं त्या चौकात निदान एक दिवा लावावा.

राजारामपुरी_पाचवी | 3:05

काउंटरवाल्या भावा, सरळ लिहिलंस, आवडलं. 2017 ला दुकानं वाचवायला रस्त्यांचे दर्जे बदलून घ्यायची धडपडही बघितली राज्यभर. तेवढी धडपड खड्ड्यांसाठी झाली असती तर. असो.

माझं मत वेगळं आहे. मी पितो, महिन्यातनं दोनदा, घरात, बायकोला सांगून. माझ्या बाटलीवर उत्पादन किमतीच्या कितीतरी पट कर भरतो. मला गुन्हेगार का समजता? माझ्या करातनं बाग झाली तर मला आनंदच आहे.

उभी_आडवी | 3:30

तुम्हाला कोण गुन्हेगार म्हणतंय? तुमची बायको माझ्याकडं सही करायला आली नव्हती.

कोइमतूरकर | रात्री 8:50

मी इचलकरंजीचा, सूतगिरणीच्या कामानं कोइमतूरला नऊ वर्षं. इथं दारूची किरकोळ विक्री नोव्हेंबर 2003 पासून पूर्ण सरकारी, टास्मॅक म्हणतात. दुकानाच्या पाटीवर सरकार, गल्ल्यावर सरकारी माणूस. 2023-24 ला टास्मॅकमधनं तमिळनाडूला 45,855 कोटी मिळाले.

गावाला काय मिळालं? मिनेसोटासारखं काही नाही. इथंही एकच रांजण. सरकारी योजना भरपूर आहेत, लोक म्हणतात दारूच्या पैशावर चालतात, पण गावाच्या नावानं वेगळा वाटा नाही. दुकान सरकारी झालं म्हणजे गावाचं झालं असं नव्हे. आणि सरकारी दुकान आहे म्हणून हातभट्टी संपली असंही नव्हे. जून 2024 ला कल्लकुरिचीत मिथेनॉलच्या दारूनं 60 च्या वर माणसं गेली.

एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. निलगिरीत पर्यटक बाटल्या जंगलात टाकायचे, हत्तींच्या पायात काचा जायच्या. मद्रास उच्च न्यायालयानं कान धरल्यावर 2022 पासून तिथं बाटलीमागं 10 रुपये जादा घ्यायला लागले. रिकामी बाटली परत दिली की 10 रुपये परत. पुढं इतर जिल्ह्यांतही आणलं. दुकानातल्या कामगारांची कटकट वाढली, जागा नाही म्हणून बोंबलतात. पण रस्त्याकडंची काच कमी झाली. दहा रुपयांसाठी लोक वाकतात.

बांधावरचा_मास्तर | 9:35

कोइमतूरकर, तुम्ही माझ्या वर्मावर बोट ठेवलंत.

आमच्या देशी दुकानाच्या मागनं माझ्या रानाची पाणंद जाते. बांधावर काचा. मागच्या पावसाळ्यात भात लावताना एका बाईच्या टाचेत क्वार्टरचा तळ घुसला. चिखलात कळलंच नाही तिला, पाणी लाल झालं तेव्हा कळलं. सात टाके, पंधरा दिवस रोजगार बुडाला. तो रोजगार मी दिला, दवाखान्याचा खर्च तिनंच केला, मी उशिरा विचारलं याची लाज वाटते. सरकारला त्या बाटलीवरचं शुल्क मिळालं, कंपनीला किंमत, दुकानदाराला कमिशन, आणि गावाला बाटली. गावाकडं परत येतं ते हे.

कोषागारातल्या जुन्यांना एक विचारतो: हा अर्जदार पत्रे-मॅट देतो म्हणतोय, ते घेता येतं का?

कोषागारातला_जुना | 10:10

देणगी म्हणून कुणीही देऊ शकतो. पण ती ग्रामनिधीत, पावतीनं, दप्तरात नोंद होऊन. ना हरकतीचा अर्ज पुढ्यात असताना त्याच माणसाकडनं तोंडी 'काहीतरी' घेणं याला देणगी म्हणत नाहीत, आणि काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. सरपंचांना सांगा, पत्रे डोक्यावर पडतील.

आणि उत्पादन शुल्कात वाटा मागायचा तर तो ग्रामसभेच्या हातातला विषय नाही. ठराव करून शासनाकडं पाठवता येईल. पाठवा. उत्तर येईपर्यंत बिअर शॉपीवाल्याचा नातू अर्ज करायच्या वयाचा होईल.

बर्फातला_कोल्हापुरी | 10:44

आंदोलन करून कोल्हापुरातला टोल घालवलेली माणसं आपण. इतकं निराश कशाला व्हायचं?

तांबडा_पांढरा | 10:47

टोलला सगळं कोल्हापूर एका बाजूला होतं भावा. इथं निम्मं कोल्हापूर दुकानाच्या रांगेत आहे.

दूध_फरक | 10:52

फरकाचं काय झालं? मी सभासद नोंदणी सुरू केलीय.

बांधावरचा_मास्तर | पुढचा रविवार, संध्याकाळी 6:20

ग्रामसभेचा वृत्तांत.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती आमच्याकडं बहुतेक कागदावरच होते. यावेळी काल दुपारी खरोखर झाली. उभी_आडवी ताईंचं इथलं लिखाण मी छापून बायकोकडं दिलं होतं, तिनं ते तिथं वाचून दाखवलं. (ताई, आधी विचारायला हवं होतं, माफ करा.) मेलेल्या बायकांच्या मतांपाशी सगळ्या हसल्या, मग गप्प झाल्या. बिअर शॉपीला विरोध, एकमतानं.

आज मुख्य सभा. शंभरची गणसंख्या भरते का नाही अशी शंका होती, भरली. अर्जदार स्वतः हजर, पांढरी टोपी. तालमीची पोरं त्याच्या बाजूला. मी उठून एवढंच विचारलं, मॅटची पावती कुणाच्या नावानं फाडायची? सरपंच खाली बघायला लागले. बायका भिंतीकडेला उभ्या होत्या, त्यांनी हात वर केले ते खाली घेईनात. ना हरकत नाकारली. अर्जदार जाताना म्हणाला, फाट्याच्या पलीकडं शेजारच्या गावाची हद्द लागते, तिथं बघतो. बघेलही.

दुसरा ठराव मी मांडला: देशी दुकानदारानं रिकाम्या बाटल्या परत घ्याव्यात, आणि बाटलीमागं 10 रुपये ठेव घ्यायची व्यवस्था करावी म्हणून शासनाला कळवावं. तोही झाला. दुकानदार म्हणतो, वरनं आदेश आल्याशिवाय मी एक रुपया जादा घेतला तर खातंच मला धरेल. त्याचंही बरोबर आहे.

उभी_आडवी | 6:48

विचारायचं काय त्यात. तुमच्या बायकोचा नंबर पाठवा. आणि देशी दुकानाचं काय?

बांधावरचा_मास्तर | 7:02

ते आहे तसंच आहे ताई. त्याला हात घालायचा तर 25 टक्के सह्यांपासनं. बायको म्हणते, आधी यादीतली मेलेली नावं काढून घेऊया.

काउंटरवरचा | 7:30

मास्तर, बाटल्या गोळा करणार असाल तर एक सांगतो. बिअरच्या बाटल्या भंगारवाला घेतो, त्या धुऊन परत भरायला जातात. क्वार्टरला कोण विचारत नाही.

बांधावरचा_मास्तर | मंगळवार, रात्री 8:15

काउंटरवाल्यांचं खरं निघालं. काल तालमीच्या त्याच पोरांना घेऊन पाणंद झाडली. हातमोजे नव्हते, खताच्या पिशव्या हाताला गुंडाळल्या. चौदा पोती निघाली. भंगारवाल्यानं बिअरची तीन पोती उचलली, पोरांनी त्याच्या पैशात मिसळ खाल्ली. उरलेली अकरा पोती ग्रामपंचायतीच्या मागं भिंतीला लावून ठेवलीत. ग्रामसेवक विचारतात, दप्तरात नोंद कुठल्या सदरात करू?

कोषागारातला_जुना | 8:40

जमा बाजूला.